गेमचा लॅपटॉप आणि किनाऱ्यावरचे घर

दहावी-बारावीचे निकाल लागतात, मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा कोल्हापूर-पुण्याच्या कॉलेजात नाव लागते आणि घरात लॅपटॉपचा विषय निघतो. मुलगा अम्मीला सांगतो, अभ्यासाला पाहिजे. अम्मी व्हिडिओ कॉलवर अब्बांना सांगते. अब्बा शारजाहला, दोह्याला नाहीतर कुवेतला असतात. ते विचारतात, किती लागतील? उत्तर येते, पंच्याऐंशी हजार. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही. अभ्यासाचा, ऑफिसकामाचा लॅपटॉप चाळीस-पंचेचाळीस हजारांत येतो, हे त्यांनी सोबतच्या लोकांकडे पाहिलेले असते.

वरचे चाळीस हजार गेमचे असतात आणि नेमके तेवढेच कोणी बोलत नाही.

गेम खेळणे चांगले की वाईट, हा वाद घालण्यासाठी हा लेख नाही. मुलांनी थोडे खेळावे, मुलींनीही खेळावे. रात्र रात्र कॅरम कुटणारी पिढी आता आजोबा झाली आहे आणि तिचे काही बिघडलेले दिसत नाही. पण खरे न बोलता घेतलेला लॅपटॉप हमखास चुकीचा निघतो. दुकानात ‘इंजिनिअरिंगसाठी द्या’ म्हटले की दुकानदार पातळ, देखणा, मोठ्या प्रोसेसरचा लॅपटॉप पुढे करतो. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते आणि मुलगा महिनाभरात नाराज होतो. उलटही घडते. मुलगा खेळतो फक्त बीजीएमआय, पण घरात येतो लाखाचा गेमिंग लॅपटॉप. बीजीएमआय हा मोबाइलचा खेळ आहे. लॅपटॉपवर एम्युलेटर घालून तो चालवणे कंपनीला मान्य नाही, खाते बंद होऊ शकते. पबजीचा संगणकावरचा खेळ वेगळा आहे. तो जानेवारी २०२२ पासून फुकट मिळतो, पण त्याला यंत्र दमदार लागते.

म्हणून पहिला प्रश्न कंपनीचा नाही, किमतीचाही नाही. कोणते खेळ खेळणार, त्यांची नावे कागदावर लिहून काढा. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जुनी क्रिकेट गेम, एवढीच यादी असेल, तर आजच्या चांगल्या रायझन किंवा इंटेल प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरही हे खेळ समाधानकारक चालतात. पन्नास-पंचावन्न हजारांत काम होते आणि लॅपटॉप दीड किलोचा मिळतो, जो हॉस्टेलहून कोकण रेल्वेत पाठीवर आणता येतो. नवी फुटबॉल गेम, जीटीए ५, मोठ्या कथेचे आणि भव्य चित्रांचे खेळ यादीत असतील, तरच वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च करायचा.

तो करायचा ठरला, तर पैसा ग्राफिक्स कार्डावर घाला, प्रोसेसरच्या नावावर नको. आय-सेव्हन आणि अशक्त कार्ड यापेक्षा आय-फाइव्ह आणि दमदार कार्ड खेळासाठी केव्हाही बरे. लॅपटॉपमध्ये कार्ड नंतर बदलता येत नाही. मेमरी वाढवता येते, डिस्क बदलता येते, कार्ड मात्र मदरबोर्डाला जडलेले असते. बाजारात एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५०, ४०५०, ४०६०, ५०५०, ५०६० अशी नावे दिसतील. ४०५० ला स्वतःची ६ जीबी मेमरी आहे. ४०६०, ५०५० आणि ५०६० यांना ८ जीबी आहे. नवे खेळ ही मेमरी भराभर खातात, म्हणून चार वर्षे लॅपटॉप वापरायचा असेल तर ८ जीबी असलेले कार्ड परवडत असल्यास घ्यावे. ४ जीबीचे जुने ३०५० आता नको.

आता एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. एकाच नावाचे कार्ड प्रत्येक लॅपटॉपमध्ये सारखे पळत नाही. ४०५० किंवा ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्या ताकदीवर चालवायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून तिथे ते कमी वॅटवर बांधलेले असते. डब्यावर ४०६० छापलेले असते, पण ते पूर्ण ताकदीच्या ४०५० इतकेही पळेल याची खात्री नसते. कंपनीच्या माहितीपत्रकात टीजीपी किंवा ‘ग्राफिक्स पॉवर’ असा आकडा असतो, तो मागा. सापडला नाही तर अडॅप्टर उलटा करून वॅट वाचा. १२०-१५० वॅटचा असेल तर कार्ड हात राखून चालणार आणि २०० च्या वर असेल तर मोकळेपणाने, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

बाकीचे पटकन सांगतो. रॅम १६ जीबी, शक्यतो दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीने वेग कमी पडतो. डिस्क ५१२ जीबीची असेल तर दुसऱ्या डिस्कसाठी मोकळी जागा आहे का ते विचारा, कारण एकटा जीटीए ५ शंभर जीबीच्या आसपास जागा घेतो. पडदा १४४ हर्ट्झचा असला म्हणजे चांगला असतो असे नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेला फिका पडदा लावतात. त्यापेक्षा १०० टक्के एसआरजीबी लिहिलेला घ्यावा, त्यावर रंग खरे दिसतात. रंगांची ही बाब पुढे कामाच्या ठिकाणीही लागणार आहे.

मुंबई-पुण्याचे सल्ले इथपर्यंत आपल्यालाही लागू आहेत. पुढचे नाहीत. मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या घरात लॅपटॉपचा मुख्य शत्रू धूळ नाही, खारा दमट वारा आहे. गेमिंग लॅपटॉपचे पंखे खोलीतली हवा सतत आत ओढतात आणि तांब्याच्या नळ्यांवरून बाहेर फेकतात. समुद्राकडच्या खिडकीशी बसून चार महिने खेळले, तर मिठाचा पातळ थर आत बसतो, तांब्याला हिरवट कळंक चढतो, चार्जरच्या आणि यूएसबीच्या तोंडाशी गंज धरतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा बुरशी धरतात. साधा लॅपटॉप हे बऱ्यापैकी सोसतो, कारण त्याचा पंखा क्वचित जोरात फिरतो. गेमिंगचा सोसत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. लॅपटॉप समुद्राकडच्या खोलीत न ठेवता आतल्या कोरड्या खोलीत ठेवावा. गादीवर, सतरंजीवर ठेवून खेळू नये, खालची जाळी बंद होते. लाकडी पाटावर ठेवला तरी चालतो. पावसाळ्यात तो रोज निदान अर्धा तास चालू करावा, त्याच्या स्वतःच्या उबेने आतली ओल सुकते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्याच. ओल्या झाल्यावर बदलाव्या लागतात. सगळ्यात वाईट म्हणजे लॅपटॉप गोदरेजच्या कपाटात बंद करून कुटुंबाने चार महिने आखातात जाणे. आपल्याकडे अशी कुलूपबंद घरे कमी नाहीत. परत आल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाही आणि दोष कंपनीला दिला जातो.

विजेचेही असेच आहे. स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. जवळपास सगळे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. कमी दाबाने काही होत नाही, अचानक आलेल्या झटक्याने होते. वळवाच्या विजा चमकू लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढावा, इंटरनेटची तारही काढावी. घराचे अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या चिरेबंदी घरांत तीन पिनांचे बोर्ड बसवलेले असतात, पण तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की बारीक मुंग्या येतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

इन्व्हर्टरवर खेळण्याचा बेत असेल तर हिशेब करा. साध्या लॅपटॉपचा अडॅप्टर ४५ ते ६५ वॅटचा, गेमिंगचा १८० ते २४० वॅटचा. म्हणजे दोन-तीन छताच्या पंख्यांचा भार एकटा लॅपटॉप घेतो. लाइट गेल्यावर पंखा दादीच्या खोलीत फिरावा की गेम चालावा, हे घराने आधीच ठरवलेले बरे. लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीवर मोठा खेळ तासभरच टिकतो आणि तेवढ्यातही कार्ड आपली ताकद कमी करते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा ज्याची बॅटरी सात-आठ तास चालत होती, असा साधा लॅपटॉप शेजाऱ्यांचे मोबाइल चार्ज करायलाही उपयोगी पडला असता.

इंटरनेटबद्दल थोडेच. रोजच्या दोन जीबी मोबाइल डेटावर शंभर जीबीचा खेळ उतरवायला पन्नास दिवस लागतील, मग दर महिन्याचे अपडेट वेगळे. फायबर घरापर्यंत आले असेल तर प्रश्न नाही. मात्र जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात. पडवीत राउटर आणि माजघरात लॅपटॉप असेल तर खेळ अडखळतो. लॅन केबलचे तोंड असलेला लॅपटॉप घ्यावा आणि दोन-तीनशे रुपयांची केबल टाकावी. महाग राउटरपेक्षा हे बरे.

आता आखातातून आणण्याचा प्रश्न. सुट्टीवर येणाऱ्या मामूला लॅपटॉप आणायला सांगणे ही आपल्याकडची रीतच आहे आणि ती मूर्खपणाची नाही. अमिरातीत व्हॅट ५ टक्के, आपल्याकडे लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के, फरक पडतो. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. एकच. भावाचा आणि भाच्याचा असे दोन एकाच बॅगेत असतील तर दुसऱ्यावर शुल्क बसू शकते. लॅपटॉप हातातल्या सामानात ठेवावा. विमानात शंभर वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, म्हणूनच मोठ्यातल्या मोठ्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरीही ९९ च्या आसपास थांबलेली असते. व्होल्टेजची अडचण नाही, पिन तेवढी चौकोनी असते. तिला साधा कन्व्हर्टर न लावता इथल्या पिनेची जाड केबल विकत घ्यावी. २३० वॅटच्या भाराने ढिला कन्व्हर्टर तापतो. कीबोर्डावर अरबी अक्षरेही असतात, मुलांना त्याची सवय होते.

खरा प्रश्न वॉरंटीचा आहे. तिकडे घेतलेल्या प्रत्येक मॉडेलला इथे वॉरंटी मिळतेच असे नाही. एकाच कंपनीच्या ऑफिसच्या लॅपटॉपला ती जगभर असते आणि गेमिंगच्या लॅपटॉपला फक्त त्या देशापुरती, असेही आढळते. मामूने दुकानात उभे असतानाच डब्यावरचा सिरियल नंबर व्हॉट्सॲपवर पाठवावा, आपण इथून कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेला फोन करून विचारावे, मगच पैसे द्यावेत. पंधरा मिनिटांचे काम आहे. गेमिंग लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, की कार्डासकट जातो, आणि मग वाचवलेले दहा-बारा हजार कुठल्या कुठे राहतात.

इथे घेतानाही वॉरंटी नीट वाचा. ‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस घरी येणार, ‘कॅरी-इन’ म्हणजे आपण लॅपटॉप घेऊन जायचे. मालवणहून तो कोल्हापूरला किंवा गोव्याला घेऊन जाणे म्हणजे एक दिवस आणि घाटाचा प्रवास, पुन्हा आणायला दुसरा दिवस. कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड, मालवणचा ४१६६०६, टाकून घरपोच सेवा मिळते का ते बघा. दोन लॅपटॉप सारखेच असतील आणि एकाचा माणूस दारात येत असेल, तर मी तीन-चार हजार जास्त देऊन तो घेईन.

आणि मुलगा घरीच राहून शिकणार असेल तर लॅपटॉपचा हट्ट कशाला? तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, थंड राहतो आणि त्याचा एकच भाग बिघडला तर कुडाळ-कणकवलीच्या दुकानातही तेवढाच बदलून मिळतो. शिवाय तो माजघरात टेबलावर असतो, दार लावून पांघरुणाखाली नेता येत नाही. अनेक आयांना हा शेवटचा मुद्दा वॅटच्या हिशेबापेक्षा जास्त पटेल.

पैसे कसे द्यायचे, यावर आपल्या घरांत वेगळा विचार करावा लागतो. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी असते आणि मुलगा म्हणतो, यात व्याज नाही. ते खरे नाही. बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देऊन बेरीज जुळवते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र बहुधा आपल्याच खिशातून जाते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू प्रत्यक्षात नसते. हा व्यवहार चालेल का, हे ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे, पण विचारताना करारात व्याज लिहिलेले आहे हे सांगून विचारावे. सहा महिने भिशीत पैसे जमवून रोख घेणे हा मार्ग आहेच. सहा महिन्यांत खेळाची यादी बदलते, मन बदलते, कधी गरजच उरत नाही. खेळाच्या वस्तूसाठी कर्ज, तेही व्याजाचे, हे मला तरी पटत नाही.

नमाज आणि खेळ यांचे भांडण पुष्कळ घरांत होते, आणि त्यात मोठ्यांना एक तांत्रिक गोष्ट माहीत नसते. कथेचा खेळ कुठेही थांबवता येतो. ऑनलाइन सामना थांबवता येत नाही. व्हॅलोरंटचा रँकचा एक सामना तीस-चाळीस मिनिटे चालतो, मध्येच उठले तर संघाचे चौघे अडकतात आणि उठणाऱ्याला शिक्षा होते. अजान झाल्यावर ‘बंद कर’ म्हटले की मुलगा ‘दोन मिनिटे’ म्हणतो, ते यामुळे. म्हणून नियम अजानच्या वेळी लावायचा नाही, आधी लावायचा. डिसेंबरात आपल्याकडे सहा वाजून गेले की मगरिब होते, तर सव्वापाचनंतर नवा सामना सुरू करायचा नाही. इशानंतर एक सामना, फार तर दोन, आणि फजरला उठता येईल अशा बेताने झोप. मुलांना हे समजते, कारण त्यांना सामन्याची लांबी आपल्यापेक्षा चांगली माहीत असते.

जुगाराकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघायला हवे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, रमी आणि फँटसी क्रिकेटसकट. त्यामुळे पालक निर्धास्त झाले. पण साध्या दिसणाऱ्या फुटबॉल गेममध्येही बंद पुडके विकत घ्यायचे असते, आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पुडक्यांना जुगार ठरवले आणि तिथे त्यांची विक्री थांबली. आपल्याकडे ती मिळतात. कुरआनने मैसिर निषिद्ध केले आहे हे मदरशात शिकलेल्या मुलाला ठाऊक असते, पुडके फोडणे त्याच जातीचे आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लॅपटॉप सुरू करतानाच त्यावर कार्ड किंवा यूपीआय जोडू नये. लहान भावंडे वापरणार असतील तर विंडोजमधले फॅमिली सेफ्टी चालू करावे आणि डब्यावरचे वय वाचावे. जीटीए ५ हा अठरा वर्षांवरच्यांचा खेळ आहे; तो सातवीतल्या मुलाला मोठा भाऊच लावून देतो.

याच लॅपटॉपवर रोजी मिळू शकते का? मिळू शकते, पण आपोआप नाही. मालवण-तारकर्लीला स्कूबा करणाऱ्या पर्यटकांना पाण्याखालचे व्हिडिओ द्यावे लागतात. ते झटपट कापून, रंग सुधारून देणाऱ्याला हेच कार्ड आणि तोच चांगला पडदा लागतो. ऑटोकॅड, घरांचे थ्रीडी नकाशे यांनाही. ब्लेंडर फुकट आहे, अनरियल इंजिन शिकायला फुकट आहे. त्याच अनरियलवर पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ हा खेळ बनवून २०२० मध्ये जगभर विकला; पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. मुलगा किंवा मुलगी म्हणत असेल की मला गेम बनवायचे आहेत, तर आधी घरातल्या जुन्या संगणकावर ब्लेंडरमध्ये एक होडी बनवून दाखवायला सांगा. बनवली, तर चांगल्या लॅपटॉपचा खर्च अब्बांनाही जड जाणार नाही.

घेऊन आल्यावर पहिला आठवडा महत्त्वाचा, कारण बदलून देण्याची मुदत लहान असते. डबा उघडतानाचा व्हिडिओ काढावा. पडद्यावर पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे चित्र लावून ठिपके बघावेत. यादीतला सगळ्यात जड खेळ तासभर सलग चालवावा. कीबोर्डाचा मधला भाग बोट टेकवता येणार नाही इतका तापत असेल किंवा तासाभरानंतर खेळ एकदम मंदावत असेल, तर लगेच दुकानदाराला कळवावे. बिल ज्याच्या नावाने आहे त्याच्याच नावाने वॉरंटी नोंदवावी आणि डबा निदान वर्षभर माळ्यावर ठेवावा, घाटापलीकडे पाठवायची वेळ आली तर लॅपटॉप त्याच थर्माकोलात सुखरूप बसतो.